बाईंना बॅस्टिल पाहायचं होतं

गेल्या सहलीला आईला बरोबर नेलंत ना? मग सांगा, त्या सहलीतली एक तरी जागा तिने निवडलेली होती का?

मी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात ज्यांच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्या दादांना हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर त्यांनी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली असती. पॅरिस, चार दिवस, प्रत्येक तासाला वेगळा रंग. मेलबर्नहून जायला चोवीस तास, यायला चोवीस तास आणि मध्ये चार दिवस. याला तिथे शॉर्ट ब्रेक म्हणतात. शेजारचे आदल्या वर्षी लंडनला जाऊन आले होते, त्यामुळे हे होणारच होतं.

"इथे बघायला आहे काय?" दादा म्हणायचे. "दोनशे वर्षांचा देश. हिस्ट्री बघायची तर युरोप."

ज्या जमिनीवर त्यांचं चार बेडरूमचं घर आणि डबल गॅरेज उभं होतं तिथे हजारो वर्षं माणसं राहत होती, असं मी एकदा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "असतील. पण मॉन्युमेंट कुठंय?"

त्या वर्षांत आम्हा विद्यार्थ्यांची लाट आली होती. प्रत्येक विमानातून आम्ही उतरत होतो आणि जुने लोक नाक मुरडत होते. दादा स्वतः स्टुडंट व्हिसावर आलेले, चौघांनी मिळून एका खोलीत दिवस काढलेले. पण पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात पडला की माणसाची आठवण स्वच्छ धुऊन निघते. "हल्ली कुणीही उठतं आणि येतं गं," ते माझ्याकडे बघून म्हणायचे. "तुला नाही म्हणत मी."

मला नाही म्हणत, कारण मी उपयोगाची होते. युनिव्हर्सिटी सांभाळून मी एका वृद्धाश्रमात शिफ्ट करायचे, व्हीलचेअर हाताळता यायची. दादांची आई तीन महिन्यांसाठी साताऱ्याहून आली होती आणि तिचे गुडघे गेले होते. पॅरिसला तिला कोण ढकलणार? तिकीट त्यांचं, ढकलणं माझं. मी हो म्हटलं. एवढी टीका करूनही हो म्हटलं, हे इथेच लिहून टाकते.

त्यांच्या आईला मी बाई म्हणायचे. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला होता आणि काकू म्हटलेलं त्यांना आवडत नसे. निघायच्या आदल्या आठवड्यात वहिनी सुटकेसमध्ये मेतकूट, दशम्या आणि छोटा राइस कुकर बसवत होत्या. तेव्हा टेबलाशी बसलेल्या बाई पहिल्यांदा बोलल्या.

"मला बॅस्टिलला नेशील का रे?"

"कुठे?"

"बॅस्टिल. तुरुंग होता तो. लोकांनी पाडला."

दादांची बारा वर्षांची मुलगी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आजी, देअर्स नथिंग देअर. इट्स लिटरली अ राउंडअबाउट."

"माहितेय मला," बाई म्हणाल्या. "पण किल्ला होता तिथे रस्त्यात दगडांची रेघ आखून ठेवलीय म्हणे. दरवर्षी नववीच्या वर्गात तो किल्ला मी फळ्यावर काढायचे. आठ बुरूज. त्या रेघेवर मला खुर्चीतून उठून एक मिनिट उभं राहायचंय. एवढंच."

दादा शीटकडे बघत म्हणाले, "बघू."

आपल्याकडचा मुलगा आईला 'नाही' म्हणत नाही. तो 'बघू' म्हणतो. मग तिने तीनदा आठवण करावी, त्याने तीनदा 'बघू' म्हणावं आणि परतीच्या विमानात बसल्यावर 'अगं, राहिलंच की!' असं म्हणून कपाळावर हात मारावा. ही आपली सभ्यता. याच्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा उर्मट मुलगा परवडला, निदान आई आशेवर तरी राहत नाही.

पॅरिसमध्ये आम्ही इतिहास बघितला नाही, उरकला. मोठ्या संग्रहालयात एका बाईच्या चित्रासमोर दोनशे माणसं फोन वर धरून उभी होती. चित्राकडे पाठ करून. दादाही उभे राहिले. देशोदेशीहून आणलेल्या मूर्तींच्या दालनांतून आम्ही धावत गेलो, कारण शीटमध्ये पुढचा रंग सुरू झाला होता. या लुटीचं कुणालाच काही वाटत नव्हतं. दादांना तर वाटत होतं की एवढं सांभाळून ठेवलंय म्हणजे उपकारच केलेत.

इजिप्तहून आणून उभा केलेला उंच दगडी खांब ज्या चौकात आहे तिथे बाईंनी मला थांबवलं.

"इथे गिलोटिन होतं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम वर्गातला. "राजाचं डोकं इथेच उडालं. नंतर ज्यांनी उडवलं त्यांचीही."

"आई, जरा डावीकडे," दादा फोनमागून ओरडले. "टॉवर फ्रेममध्ये येत नाहीये. आणि स्माइल!"

बाईंनी स्माइल दिलं. तो फोटो वहिनींनी लगेच ग्रुपवर टाकला आणि खाली सत्तर बदाम आले. मला त्या सत्तरही माणसांचा तिरस्कार वाटला.

दुसऱ्या दिवशी आठवण, बघू. तिसऱ्या दिवशी आठवण, बघू. चौथ्या दिवशी दुपारी वहिनींना परफ्यूम घ्यायचे होते. "तू आईला फिरव तासदोन तास," दादा मला म्हणाले. "सहाला बोट आहे, साडेपाचला हॉटेलवर ये. नो वरीज?"

दोन तास. शीटमधला एकमेव पांढरा चौकोन आणि तो माझ्या हातात.

इथे मला माझ्याबद्दल सांगितलं पाहिजे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. आमच्या घरात बॅस्टिलला फार किंमत नव्हती. ती व्यापाऱ्यांची क्रांती, असं वडील म्हणायचे. खरी क्रांती पुढे ऐंशी वर्षांनी पॅरिसच्या कामगारांनी केली. ती चिरडली गेली तेव्हा शेवटच्या लोकांना एका दफनभूमीत भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्या भिंतीबद्दल मी सहाव्या वर्षापासून ऐकत आले होते.

मेट्रोला जिनेच जिने, म्हणून त्या दफनभूमीकडे जायला आम्ही बस घेतली. ती बस बॅस्टिलच्या चौकातूनच जात होती. मध्ये मोठा खांब, वर सोनेरी पुतळा. सिग्नल लागला.

"हेच ना?" बाईंनी खिडकीला हात लावला.

"हेच. येताना उतरू, बाई."

"आत्ता उतरलं तर?"

"आधी तिकडे जाऊ. ते जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही इतिहासवाल्या, तुम्हाला कळेल."

 त्या वाकून रस्त्याकडे बघत राहिल्या, रेघ कुठे दिसते का म्हणून. सिग्नल सुटला.

दफनभूमीत चढ होता आणि दगडी फरसबंदी. खुर्ची खडखडत होती, बाईंचे दात वाजत होते आणि मी धापा टाकत भाषण देत होते. भिंत साधी होती. एक पाटी, खाली कुणी ठेवलेली लाल फुलं. माझे डोळे भरून आले. बाईंनी मेलेल्यांना हात जोडले आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "किती वाजले गं?"

परतीची बस अर्ध्या वाटेत थांबली आणि ड्रायव्हरने सगळ्यांना उतरवलं. पुढे मोर्चा होता, रस्ता बंद. ढोल, झेंडे, घोषणा. एरवी मी धावत जाऊन त्यात घुसले असते. आता मी पोलिसाला खुणांनी विचारत होते की एक खुर्ची जाऊ द्याल का, आणि तो मान हलवत होता. तेवढ्यात दादांचा फोन आला. "आहात कुठे? बोट सुटेल!"

टॅक्सीने लांबच्या रस्त्याने नेलं. मी बाईंकडे बघत नव्हते.

"असू दे पोरी," त्या म्हणाल्या. "शिकवताना तरी कुठे पाहिलं होतं?"

परतल्यावर पॉइंट कुकच्या घरी जेवणाला मंडळी आली आणि दादांनी टीव्हीवर फोटो लावले. कुणीतरी बाईंना विचारलं, "मग, काय आवडलं पॅरिसमध्ये?"

"भिंत पाहिली एक," बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "हिला फार बघायची होती."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. दादा मला म्हणाले, "थँक्स हं, आईला मस्त फिरवलंस तू."  मी त्या माणसाची चार दिवस मनातल्या मनात चामडी सोलली होती. त्याने आईला 'बघू' म्हणून टाळलं. मी त्यांना खिडकीतून त्यांची जागा दाखवली आणि वर सांगितलं की तुमच्या जागेपेक्षा माझी जागा महत्त्वाची. त्याच्याकडे निदान तत्त्वाची सबब नव्हती.

दहा दिवसांनी बाई साताऱ्याला गेल्या. या गुडघ्यांनी आता एवढा प्रवास होणार नाही, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

तुमच्या घरी कुणाची आई, कुणाचे वडील तीन महिन्यांच्या व्हिसावर आले असतील तर या शनिवारी एवढं करा. त्यांना कुठे जायचंय ते विचारा, गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि थेट तिथेच न्या. ती जागा तुम्हाला फालतू वाटेल. तोंड मिटून गाडी चालवा.