केराबाईनं मोटारीला वंगण घातलं

केराबाई भित्री होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि तीही ते कधी नाकारत नसे. पालीला भ्यायची, वावटळीला भ्यायची, दारात कुणी टोपीवाला उभा राहिला की आधी कडी लावायची आणि मग आतून विचारायची, कोण हाय म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. तिचा ब्रह्मराक्षस तर तिच्याच नवऱ्यानं लिलावात विकत घेऊन दारात आणून उभा केला होता.

नवरा सिद्धाप्पा. बैलगाडीतून गिरणीत कापसाच्या गाठी पोचवणारा माणूस. तेहतीस साली पोलीस खात्यानं आपली एक जुनी मोटार लिलावात काढली, तेव्हा या गृहस्थानं दोन्ही बैल विकून ती घेतली. सोलापूर ते वैराग उतारू न्यायचे आणि सुखात राहायचं, असा बेत. बैल बसून खातो, मोटार बसून खात नाही, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. पहिल्या महिन्यातच त्याचं हे सांगणं बंद झालं.

सरकारी मोटारीला आपली म्हणून कुणी वापरलेलं नसतं. चौकात उभं राहून तासन् तास इंजिन चालू ठेवलेलं, त्यामुळं पाण्याची टाकी दर दोन कोसांना उकळायची. एका अंगाला धिप्पाड जमादार बसून बसून त्या बाजूच्या चाकांवरच्या स्प्रिंगाच्या कमानी पाटासारख्या सपाट झालेल्या. गिअर टाकला की आत कुणीतरी सुपारी फोडतंय असं वाटायचं. आणि ब्रेक दाबला की मागची चाकं अशी किंचाळायची, की गल्लीतली कुत्री शेपूट घालून पळायची.

अक्कलकोटकडचा गुरुलिंग मिस्त्री एकदा येऊन मोटारीखाली पालथा-उताणा होऊन गेला. गळक्या टाकीला डाग द्यायला तीन रुपये, कमानीला नऊ, ब्रेकचे पट्टे नवे घालायला बारा, असं त्यानं सांगितलं. सिद्धाप्पानं डाग तेवढा देऊन घेतला.

"पट्टे झिजून खिळ्यावर आल्यात," गुरुलिंग हात पुसत म्हणाला. "ती वरडतीय ती उगं न्हाय. आधी पट्टे बदल."

"बारा रुपयं काय झाडाला लागत्यात व्हय? धरतोय न्हवं ब्रेक? मग वरडू दे की."

दाराआडून केराबाई हे ऐकत होती. मिस्त्रीचं तिला काही खरं वाटलं नाही. वैद्य आणि मिस्त्री, दोघंही भीती घालूनच पोट भरतात असं तिचं मत होतं. पण नवऱ्याचं 'वरडू दे की' मात्र तिच्या काळजात रुतलं. कारण घरात हरिबा होता.

हरिबा तिचा पाठचा भाऊ. तीस साली शहरात लष्करी कायदा लागला, त्या दिवसांत कुणीतरी चौकात पोलिसांवर दगड मारला आणि धरपकड झाली. गिरणीतून घरी निघालेल्या हरिबाला ह्याच मोटारीत घालून नेलं. सहा महिन्यांनी तो परत आला तो मुका नव्हता, पण बोलायचाही नाही. मागच्या खोलीत मागावर बसून घोंगड्या विणायचा. काय झालं, कसं झालं, एक अक्षर नाही. आणि दाजींची मोटार गल्लीच्या तोंडाशी येऊन किंचाळली की धोटा टाकून कणगीमागं जाऊन बसायचा. पंचविशीतला गडी, गुडघ्यात डोकं घालून. केराबाई त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि दोघं बहीण-भाऊ मिळून थरथरायची.

अशात वैरागहून स्थळ आलं. मुलगी चांगली, माणसं चांगली. पण पोरगा मोटारीला भिऊन लपतो, डोक्यानं गेलाय, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं. मुलीच्या बापानं निरोप धाडला, की येत्या बाजाराला पोराला त्याच मोटारीतून घेऊन या. धड उतरला तर सुपारी फोडू.

केराबाईनं हरिबाला हात जोडले. तो मान हलवायचा, नाही म्हणून. शेवटी ती म्हणाली, "ती वरडलीच न्हाय तर बसशील?"

हरिबा धोटा खाली ठेवत म्हणाला, "तू म्हनतीस म्हनून बसंन, अक्का."

गाडीवानाची लेक ती. चाक कुरकुरलं की वंगण घालायचं हे तिला चालायला लागल्यापासून माहीत. बापाच्या गाडीखाली टांगलेली वंगणाची नळी काढायची, एरंडेलात कालवलेली ती काळी राख काडीनं आसाला फासायची, की चाक गप. जग उलथलं तरी ह्यात चूक व्हायची नाही. दुपारी नवरा जेवून कलंडला तेव्हा तिनं कोनाड्यातली जुनी नळी काढली, मोटारीच्या मागच्या दोन्ही चाकांच्या आत हात घातला आणि ज्या फटीतून किंकाळी यायची त्या फटीत नळी रिकामी केली. हात धुतले, देवाला नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा त्या मोटारीवर तिनं मात केली होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी सहा-सात उतारू घेऊन मोटार निघाली. हरिबा बहिणीला चिकटून बसला, तिच्या पदराचं टोक मुठीत धरून. रस्ता सपाट, ब्रेकचं काम फारसं पडलं नाही, आणि पडलं तेव्हा चाकं खरोखरच गप राहिली. हरिबाची मूठ हळूहळू सैल झाली. दोन्ही बाजूंना उभा जोंधळा होता, तो बघायला लागला. केराबाईला रडूच आलं.

वाटेत एका वडाखाली उतारू घ्यायला सिद्धाप्पानं ब्रेक दाबला. मोटार वडाखालून पुढं गेली, आणि बरीच पुढं जाऊन थांबली.

"आज उशिरा थांबतीय," तो पुटपुटला.

केराबाईला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. वंगणानं चाक सुटतं. पण इथं तर चाक धरायचं होतं! आत्ता सांगावं तर मोटार थांबणार, हरिबा उतरणार, तो पुन्हा कधी कशातच बसायचा नाही, आणि लग्नही गेलं. वैराग आता राहिलं किती? ओढ्याचा एक उतार तेवढा. बिरदेवा, एवढा उतार निघू दे, म्हणत तिनं तोंडात पदर कोंबला आणि गप्प राहिली.

उतार आला. सिद्धाप्पानं पाय दाबला, पुन्हा दाबला, मग उभा राहूनच दाबला. हाताचा ब्रेक ओढला, तोही त्याच चाकांवर चालणारा. मोटार ऐकेना. खाली ओढ्याच्या फरशीपुलावर एक बैलगाडी अडकली होती आणि तिच्यात पोरंबाळं बसलेली स्पष्ट दिसत होती. कुणी देवाला हाक मारत होतं, कुणी आईला. केराबाईच्या कानाशी हरिबा ओरडत होता. तीन वर्षं साठवलेलं सगळं ओरडत होता. मी मारलं ह्या सगळ्यांना, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

सिद्धाप्पानं हातातलं चाक गर्रकन फिरवलं. मोटार रस्ता सोडून कडेच्या जोंधळ्यात घुसली, धाटं आडवी करत गेली आणि काळ्या रानात रुतून एकदाची थांबली.

कुणाचा दात पडला, कुणाचं कपाळ फुटलं, पण सगळे जिवंत होते. हरिबा तिच्या शेजारीच होता, पांढराफटक. सिद्धाप्पा मोटारीखाली शिरला आणि बाहेर आला तो काळीकुट्ट बोटं घेऊन.

"ब्रेकात वंगण? कुनी घातलं ह्ये?"

"कोन घालनार? त्यो मिस्त्री!" कपाळाला रुमाल बांधलेला एक उतारू गरजला. "पट्ट्याचं काम दिलं न्हाई म्हनून डाव साधला. चला, फौजदाराकडं चला. संध्याकाळपातुर आत घालतील त्याला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. फौजदाराचं नाव निघताच हरिबा खाली बसला, गुडघ्यात डोकं घालून.

केराबाईला काहीच बोलायला नको होतं. तिच्याकडं कुणी पाहतही नव्हतं. गुरुलिंगला नेलं असतं, आणि सहा महिन्यांनी तो परत आला असता. तसाच, हरिबासारखा. हा विचार आला. सगळ्या जन्मात ती एवढी भ्याली नव्हती.

"मी घातलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मिस्त्रीला काय बी करू नगा. वंगन मी घातलं. मला काय व्हायचं ती शिक्षा द्या."

उतारू तोंडाला येईल ते बोलले. एकानं तर हातही उगारला. सिद्धाप्पा मध्ये पडला, सगळ्यांचं भाडं परत करीन म्हणाला, तेव्हा कुठं ते बडबडत वैरागच्या वाटेला लागले.

केराबाई आडव्या झालेल्या जोंधळ्यात उभीच होती. भावाकडं बघायचा तिला धीर होईना. तिच्याच शब्दावर तो बसला होता.

हरिबा उठून तिच्याजवळ आला.

"अक्का," तो म्हणाला, "त्यो दगड कुनी मारला, त्ये मला ठावं व्हतं. माज्या म्होरंच उभा व्हता त्यो. मला मोटारीत घालताना बगत व्हता. मला वाटलं, आत्ता बोलंल, मग बोलंल. गाडी चौकातनं भाईर पडस्तवर मी त्याच्याकडंच बगत व्हतो."