काळ्या काचेमागे

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा होते. माझा फोन देवघरात गेला. कॉम्प्युटर बायकोनं जागेवरच पुसला, त्यावर झेंडू वाहिला, आणि मॉनिटर काळाठिक्कर पडला. "पुसायला कुणी सांगितलं होतं?" मी खेकसलो. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मॉनिटरचा बारका दिवा लुकलुकत होता, टेबलाखालचा सीपीयू घुरघुरत होता. मॉनिटर बंद करून पुन्हा चालू केला, प्लग बदलला, पाठीवर दोन थापाही मारल्या. काही नाही. मध्येच 'टिंग' वाजलं. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा. म्हणजे आत सगळं जिवंत होतं, कुणी काही म्हणतही होतं, फक्त दिसत नव्हतं. मी उगाच उठत होतो, बसत होतो. वर्षभर धाकट्या भावाशी मी अबोला धरलाय. मनातल्या मनात त्याच्याशी रोज भांडतो, रोज त्याची चौकशीही करतो. त्याला मात्र अशीच काळी काच दिसत असणार.

बायको आली आणि तिनं मागची केबल दाबून बसवली. "पुसताना सैल झाली असेल," ती म्हणाली. पडदा उजळला.

भावाचे दोन निरोप होते. पहिला, "दादा, सोनं द्यायला येऊ का?" अर्ध्या तासानं दुसरा, "बरं, राहू दे."

सोनं घेऊन धाकट्यानं थोरल्याकडे यायचं असतं. देवापुढची आपट्याची चार पानं उचलून मी चपला शोधू लागलो.