शालनने धरलेली जागा

शालन आणि मी शेवटचं मिळून काय केलं, तर मेथी निवडली. ओहायोतल्या डब्लिनला, मुलाच्या घरी. सोफ्यापुढे जाहिरातींचे कागद पसरलेले, टीव्हीवर बेसबॉल, आवाज बंद. इंग्रजी दोघांनाही येत नाही, मग आवाज कशाला? तिचे हात जुडीवर आणि नजर टीव्हीवर. म्हणाली, "अहो, ह्यात बघा, कितीही पळा, फिरून घरी पाय लागला तरच मार्क. मला पटतो हा खेळ." मी म्हटलं, "देठं नीट तोड, पानं वाया चाललीत." एवढंच. सकाळी ती उठलीच नाही.

आधीच सांगतो — भूतखेत, करणी, अंगात येणं, असलं मी कधी मानलं नाही. चौथी शिकलोय, पण जन्म साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. पाळीला स्मशानाच्या कडेने सायकलवर जायचो. कुत्री दिसली, बाकी काही नाही. तरी हे लिहितोय. फोनवर बोललं की तो लिहून देतो, चुका पोटात घाला.

दहाव्याला कावळा शिवला नाही. नदीकाठच्या पार्कात पिंड ठेवला. रानबदकं आली, खार आली. कावळा समोर झाडावर होता, पण खाली उतरेना. आम्ही सगळं बोललो — नातीला मराठी शिकवू, गावचं घर विकणार नाही, तुझ्या पाटल्या सुनेलाच देऊ. हलेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. म्हणाले, चालतं. मला नाही चाललं. तिच्या मनात काय राहिलं, हे एकच डोक्यात. जेवण उतरेना. बीपीची गोळी रोज तीच माझ्या तळहातावर ठेवायची. ती गेल्यावर सून, मेघा, बिचारी पाण्याच्या ग्लासाबरोबर आणून टेबलावर ठेवायची. तिची पाठ वळली की मी ती सिंकमध्ये टाकायचो. आता जगून करायचंय काय...

तिच्या हौसेसाठी सचिनने, म्हणजे माझ्या मुलाने, सिनसिनाटीची एक बस टूर बुक केली होती. शहरातल्या बेसबॉलच्या जुन्या जागा दाखवतात. आम्हा तिघांची तिकिटं.

"अण्णा, कॅन्सल करतो."

"नको. हेच राहिलं असेल तिचं."

शनिवारी सकाळी दोन तास गाडी मारून गेलो. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. गावाकडे एसटी फलाटाला लागली की शालन धक्काबुक्की करत पुढे. खिडकीतून हात घालायची, रुमाल सीटवर अंथरायची. मी मागून सामान घेऊन चढायचो. "या सावकाश, जागा धरलीय," म्हणायची. जन्मात मला तिने उभ्याने प्रवास करू दिला नाही. तिचा तो रुमाल माझ्या खिशात होता. हिरव्या काठाचा, एक कोपरा इस्त्रीने जळलेला. बसमध्ये चढलो आणि खिडकीकडच्या सीटवर तो टाकला. मी शेजारी बसलो. सवय, दुसरं काही नाही.

सचिन मागच्या सीटवरून वाकला. "अण्णा, काढा तो. लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढलंय तिचं."

तो मागे टेकून बसला.

गाइड म्हणजे पांढऱ्या केसांची उंच बाई, माइकवर सांगत होती. सचिन मला मराठीत सांगायचा. इथे हॉटेल होतं, खेळाडू उतरायचे — आता बँक. इथे पहिलं ग्राउंड होतं — आता नुसता रस्ता. मी म्हटलं, "सच्या, नसलेलं दाखवायचे पैसे घेतात होय रे हे?" तो हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या थांब्यानंतर लाल टोपीवाला एक जाडा माणूस जागा बदलायला आला. त्याच्या बाजूला ऊन लागत होतं. आमच्या सीटपाशी थांबला, माझ्यावरून हात लांब करून रुमाल उचलायला गेला... आणि थबकला. हात मागे घेतला. टोपी काढली.

"सॉरी, मॅम," म्हणाला.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. बघितलं ते खिडकीकडे. मग मागे निघून गेला.

"सच्या, काय म्हणाला रे तो?"

"काही नाही, अण्णा."

"मॅम म्हणजे बाई ना?"

सचिनने रुमालाकडे बघितलं. "...हो."

त्यानंतर माझ्या डाव्या खांद्यावर वजन आलं. बसमध्ये डुलकी लागली की शालन डोकं टेकायची, तेवढंच, तिथेच. मी मान वळवली नाही. घाबरलो म्हणा. छातीत जड झालं, तळहाताला घाम. न्यायला आली असेल, असं वाटलं. आणि खरं सांगतो, मी मनात म्हटलं — चल, येतो.

शेवटचा थांबा जुन्या ग्राउंडचा. ते पाडून किती वर्षं झाली, आता गोडाऊन आणि पार्किंग. डांबरावर पांढऱ्या रंगाने पाच कोनांचा एक पाट रंगवलाय. ह्यालाच होम म्हणतात, पळणारा फिरून इथेच येतो, सचिन म्हणाला. सगळे फोटो काढायला उतरले. माझे पाय उचलेनात.

"तू जा, मी बसतो."

बसमध्ये मी आणि ड्रायव्हर. तो पुढे सँडविच खात होता. मला झोप लागली म्हणाल, तर त्या सँडविचमधल्या कांद्याचा वास अजून आठवतो. मी काचेतून बाहेर बघत होतो. लोकांचे फोटो झाले, एकेक जण बाजूला झाला. त्या पाटावर काहीतरी होतं. सचिन वाकला, बघितलं, आणि तसाच वाकलेला राहिला. मग त्याने बसकडे मान वर केली.

खांद्यावरचं वजन गेलं होतं. मी शेजारी बघितलं. सीटवर रुमाल नव्हता.

कसा उतरलो माहीत नाही. हिरवा काठ, जळका कोपरा. वाऱ्याने पडल्यासारखा नव्हता. चारी कोपरे सरळ, मधोमध हाताने दाबून बसवलेला. ती सीटवर अंथरायची तसा.

"अण्णा, हा तुमच्याजवळ होता ना?"

"होता."

"मग इथे कुणी टाकला?"

"मला काय विचारतोस? तुझ्या आईला विचार."

सचिनने ड्रायव्हरला विचारलं. सगळे खाली गेल्यावर कुणी चढलं नाही, माझ्याशिवाय कुणी उतरलं नाही. खिडक्या म्हणाल तर त्या बसच्या काचा उघडतच नाहीत. लाल टोपीवाल्याला गाठून विचारलं, तुम्ही सॉरी कुणाला म्हणालात? तो सचिनकडे बघत राहिला. म्हणाला, तुझ्या आईला. रुमाल तिच्या मांडीवर होता.

परतीला सचिन गाडी चालवत होता, रुमाल माझ्या मांडीवर. डब्लिन जवळ आल्यावर माझ्या डोक्यात आलं. दहाव्याला आम्ही घराचं बोललो, नातीचं बोललो, पाटल्यांचं बोललो. माझं कुणी काही बोललंच नव्हतं.

आजवर ह्याचा उलगडा मला झालेला नाही. सचिन इंजिनिअर आहे, त्यालाही नाही. दुसऱ्या दिवशी कावळा आला त्याचं म्हणाल, तर भात ठेवला की कावळा येतोच, हे मलाही कळतं. पण रुमालाचं काय, ते सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून स्वतः कुकर लावला. घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर भाताचा मुटका ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "शालन, जागा धरलीस ते बघितलं मी. आता दुसऱ्या कुणाला बसू देऊ नकोस. मी मागून येतो, पण सावकाश. तोवर जेवतो, गोळी घेतो." हात मागे घेईपर्यंत कावळा कठड्यावर होता. त्याने खाल्लं, मी बघितलं.

मग आत आलो. मेघा ओट्यापाशी उभी होती. तिच्यापुढे तळहात पसरला आणि म्हटलं, "ठेव गोळी."