शिरीषच्या पिपाण्या

बातमी आली की ती खरी आहे का हे आधी तपासायचं, ही माझी नोकरीतली खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. विमा कंपनीत मी आयुष्यभर दाव्यांची चौकशी केली. घरचे रडत असताना ‘दाराला कडी आतून होती की बाहेरून’ असं विचारणारा नतद्रष्ट प्राणी म्हणजे मी. त्या रविवारी सकाळी गोडदेवहून शिरीषच्या शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हाही मी तेच केलं. शेजारी गुजराती, सज्जन गृहस्थ. “अंकल, शिरीषभाई उठ नहीं रहे... आप लोग आ जाओ,” एवढंच ते म्हणत होते आणि मी मात्र दार कोणी उघडलं, चावी कोणाकडे होती, काल शेवटचं कोणी पाहिलं असं विचारत सुटलो. शेवटी मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या हातातून फोन काढून घेतला. शिरीष तिचा धाकटा भाऊ. तिने ऐकलं, “आते हैं” म्हणाली, गॅस बंद केला आणि साडी बदलायला आत गेली. रिक्षात ती खूप रडली. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. अचानक कोणी गेलं की माणसाच्या तोंडून पहिल्यांदा निघतं, ‘असं कसं झालं? काल तर बरा होता.’ मेधाने हे कोणालाच विचारलं नाही. मला नाही, शेजाऱ्यांना नाही आणि झोपेतच हृदय बंद पडलं असं सांगणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि तिने न विचारलेला तो प्रश्न माझं डोकं कुरतडत राहिला. शिरीषला काही होत होतं का, आणि होत असलं तर ते कोणाला ठाऊक होतं?

दादरची खोली विकून आम्ही मिरा रोडला आलो तेव्हा शिरीष सामानाबरोबर आल्यासारखा आमच्याकडे आला. भाईंदरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचा. लग्न केलं नाही. का केलं नाही, याबद्दल माझे दोन-तीन तर्क होते आणि ते मी मेधाला वेळोवेळी ऐकवत असे. पुढे त्याने गोडदेवात एक खोली-किचन घेतलं, पण रविवारचं जेवण आमच्याकडेच. अशाच एका रविवारी जेवणानंतर मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात कानावर टिंव टिंव सुरू झालं. गाडी रिव्हर्स घेताना वाजतं ना, तसं. आमच्या पार्किंगवर बाहेरचे लोक गाड्या लावतात हा माझा जुना संशय. मी तरातरा खिडकीत गेलो, खाली वॉचमनला हाक मारली. वॉचमन वर बघतोय, मी खाली बघतोय आणि गाडी कुठेच नाही. मागे वळलो तर शिरीष सोफ्यावर हसून हसून लोळत होता. त्याच्या हातात राखाडी रंगाचं, जाडजूड असं काहीतरी होतं. पूर्वी मुलं हातात धरून खेळायची तो व्हिडिओ गेम. आवाज त्यातून येत होता. त्या दिवसापासून मी त्या यंत्राचं नाव ठेवलं पिपाणी, आणि त्यानेही ते आनंदाने घेतलं.

पन्नाशीला आलेला माणूस पोरांचं खेळणं घेऊन बसतो म्हणजे त्यामागे काहीतरी असणार, असं मी धरूनच चाललो. म्हणून चौकशी केली. ही यंत्रं तो जुन्या बाजारातून बंद पडलेली आणायचा, उघडून साफ करायचा, नवे पेन्सिल सेल घालायचा. आत जी कॅसेट बसवायची तिच्यात खेळ नसायचाच. त्याऐवजी हिरवट पडद्यावर आकड्यांचे उभे रकाने यायचे आणि एकेक आकडा भरत गेलं की त्याची चाल व्हायची. अशा यंत्राला एका वेळी चारच आवाज काढता येतात. दोन शिट्टीसारखे, एक खर्जातला, आणि चौथी नुसती खरखर, तिच्यातून ताल काढायचा. “चारच?” मी म्हटलं, “फोनवर तर अख्खा ऑर्केस्ट्रा मिळतो.” त्यावर तो म्हणाला की ऑर्केस्ट्रात लपायला जागा असते, इथे नसते. उत्तर बरं होतं, पण मला ते तयार करून ठेवल्यासारखं वाटलं. परदेशातून त्याच्या नावाने लहान लहान पार्सलं यायची, त्यांच्यावरचे शिक्के मी भिंग लावून पाहिलेले आहेत. निघायचं काय, तर बटणं आणि स्क्रू.

त्याचे या नादातले दोस्त मुर्ध्याला जमायचे, भालू पाटलाच्या ओटीवर. भालूच्या घरची पूर्वी मिठागरं होती. आता त्या बाजूला इमारती उठतायत आणि भालू हळदीच्या कार्यक्रमात कीबोर्ड वाजवतो. मला या माणसाचा पहिल्यापासून संशय. हळदीत दणका उडवणाऱ्याला या टिंव टिंव संगीताचं काय पडलंय? तेव्हा एका रविवारी ‘ताजी मासळी घेऊ’ असं निमित्त काढून मी शिरीषबरोबर गेलो. ओटीवर पाच-सहा जण मांडी घालून बसलेले, प्रत्येकाच्या हातात एकेक पिपाणी, आणि कोणी बोलत नव्हतं. सत्संग म्हणावा तर प्रसाद म्हणून वडापाव! त्यांची एक रीत मला तिथे कळली. कोणी नवी चाल केली की ती पुरी करायची नाही. तीन आवाज भरायचे, चौथा रिकामा ठेवायचा आणि कॅसेट दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्याने ती घरी न्यायची, रिकामा आवाज आपल्या मनाने भरायचा आणि परत आणून द्यायची. शिरीषने केलेल्या एका हळव्या चालीत भालूने अशी काही हळदीची ठेका-खरखर भरली होती की ती ऐकून मलासुद्धा पाय हलवावासा वाटला. मी हलवला नाही. येताना रिक्षात मी त्याला विचारलं, हे सगळं नेटवर का टाकत नाही? लपवण्यासारखं आहे काय त्यात? तो हसला. म्हणाला, “टाकलं की संपलं, भावोजी. हातात दिलं की परत आणून द्यावं लागतं. म्हणजे माणूस परत येतो.”

एकदा भालूने खरोखरच मुर्ध्यातल्या एका हळदीला शिरीषची पिपाणी मोठ्या स्पीकरला जोडली. आधी लोक थबकले. मग एका आजीबाईंनी हात वर केले आणि अख्खा मांडव नाचायला लागला. मेधाही नाचली. शिरीष स्पीकरच्या मागे खिशात हात घालून उभा होता, कानापर्यंत लाल झालेला. मी त्याच्याकडे पाहत होतो, आणि माझ्या मनात नेहमीचं काही आलं नाही. या माणसाला आज फार बरं वाटतंय, एवढंच आलं.

पण गेलं वर्ष संशयाचं गेलं. शिरीष आपल्या पिपाण्या एकेक करून वाटायला लागला. ज्या जिवापलीकडे जपल्या त्या याला दे, त्याला दे. वजन उतरलं. जिने चढताना मधल्या मजल्यावर थांबायचा आणि वर यायला उशीर का झाला विचारलं तर फोन आला होता म्हणायचा. मंगळवारी ऑफिसातून लवकर निघायचा. कुठे जातोस विचारलं तर वरसाव्याला, पुलावर हवा खायला. घोडबंदर रोडच्या त्या धुरात हवा खायला जाणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही! मी पाळत ठेवली. मग त्याच्या घरी मला सोफ्याच्या फटीत बायकांचा केसांचा चाप सापडला. लाल, खड्यांचा. पुढच्या खेपेला टेबलावर कॅनडाला स्थायिक व्हायची माहिती देणारी पत्रकं, तीही नीट पसरून ठेवलेली. मी घरी येऊन मेधाला सगळी मांडणी करून सांगितली: बाई आहे, ती कॅनडाला चालली आहे, हा तिच्यामागे जाणार, म्हणून घर रिकामं करतोय. आणि भालूचा डोळा त्या खोलीवर आहे. मेधा भाजी निवडत होती. “तुमचं आपलं काहीतरीच,” असं म्हणून ती लगबगीने उठून स्वयंपाकघरात गेली. रविवारी जेवताना मी शिरीषला आडून आडून विचारलं, कॅनडात थंडी फार असते म्हणे? तो भाताचा घास तोंडाशी धरून म्हणाला, “भावोजी, तुम्हाला कोणी सांगितलं?” आणि असा काही चपापला की माझी खात्रीच पटली.

तो गेला त्यानंतर काही आठवड्यांनी मी एकटाच मुर्ध्याला गेलो. भालूकडे किती यंत्रं गेली, कधी गेली, काय सांगून गेली, हे मला त्याच्या तोंडून काढायचं होतं. भालूने मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत शिरीषची पिपाणी आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाला, यातली चाल शिरीषने शेवटी दिली, आणि ती हातात घेतली तेव्हाच काहीतरी वेगळं आहे हे त्याला कळलं होतं.

“चारी आवाज भरलेले व्हते,” भालू म्हणाला. “मी बोल्लो, अरे, माझी जागा कुठं हाय? तर बोल्ला, तुझी बी मीच भरली. परत आणू नको, नुस्ता ऐक.”

मग मी मुद्द्यावर आलो. त्याला काही होत होतं का?

“ताईंना विचारा ना,” भालू म्हणाला. “मंगळवारी हास्पिटलात त्याच जायच्या त्याच्यासंगती. एकदा रिक्षा भेटली न्हाय तवा मीच आनला दोघांना. मला बोल्ला, भावोजीला कळू द्यायचा न्हाय.”

मी परत कसा आलो हे मला आठवत नाही. इतक्या घरांमधलं खोटं मी पकडलं. नवऱ्याने लपवलेलं, सुनेने लपवलेलं, डॉक्टरांनी लपवलेलं. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या ताटासमोर बसून दोन माणसं वर्षभर माझ्यापासून एक मरण लपवत होती. मेधा कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चप्पलही न काढता विचारलं, “तुला माहीत होतं?”

ती खाली बसली. शिरीषच्या हृदयाचे स्नायू कमजोर होत चालले होते, ऑपरेशन करण्यासारखं काही नव्हतं, डॉक्टरांनी केव्हाही होऊ शकतं असं सांगून ठेवलं होतं. हे सगळं तिने एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. मी म्हटलं, मला का नाही? मी काहीतरी केलं असतं.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “तुम्ही पाच डॉक्टर केले असते. रोज फोन करून आज कसं वाटतंय विचारलं असतं. ऑफिसात त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले होते. मला म्हणाला, ताई, एवढ्या एका घरात मी लफडेबाज आहे, आजारी नाही. तेवढं राहू दे.”

“आणि तो चाप?”

“मीच आणून दिला होता. भाईंदर स्टेशनबाहेरून. तुम्ही कॅनडाचं सांगत होतात ना, तेव्हा मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते. मग त्याला फोन केला. तो इतका हसला, की मला भीती वाटली... पण हसू दिलं मी त्याला.”

मला राग आला. अजून आहे. ज्याला जावयाचा मान म्हणतात तो मला या घराण्यात पुष्कळ मिळाला, पण निरोप घेण्याचा हक्क मिळाला नाही. शेवटच्या रविवारी तो दारात चपला घालत असताना मी त्याला काय म्हणालो, तर “पासपोर्टचं काम झालं का?” दोघं भावंडं एकमेकांकडे बघून हसली होती. हा राग शिरीषवर काढता येत नाही आणि मेधावर काढवत नाही. त्याच्याखाली आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना जीभ अडखळते. वर्षभर दर रविवारी एक मरणारा माणूस माझ्या घरी पोट धरून हसायला येत होता. त्याच्यावरच्या इतक्या संशयांपैकी माझा एकही खरा निघाला नाही याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं, आणि वाईट तर त्याहून जास्त वाटलं. मला शिरीष फार आवडायचा. हे मी त्याला कधी म्हटलं नसेल, पण त्याच्यावर ठेवलं तितकं बारीक लक्ष मी दुसऱ्या कोणावर ठेवलेलं नाही.

गोडदेवची खोली अजून आम्ही विकायला काढलेली नाही. त्या गुजराती शेजाऱ्यांनी मध्यंतरी मला बाजारात गाठून न विचारताच सांगितलं, की संध्याकाळी कधी कधी बंद दाराआडून बारीक म्युझिक येतं, तासभर, आणि मग मॅडम कुलूप लावून जातात. हल्ली मेधा आठवड्यातून एकदा भाजी आणायला म्हणून जाते, ती चांगली दिवेलागण झाल्यावर येते. भाजीबाजार आमच्या कोपऱ्यावर आहे. परवा आली तेव्हा डोळे लाल, आणि हातातली पिशवी घडी घातलेली तशीच. मी दार उघडलं. पिशवीकडे पाहिलं. तिने ते पाहिलं आणि काहीतरी सांगायला ओठ उघडले. तिला खोटं बोलता येत नाही, वर्षभर कशी बोलली देव जाणे.

“आज भाजी चांगली नसेल आली,” मी म्हटलं.

“हो ना,” ती म्हणाली, “अगदीच शिळी होती.”

मी चहा टाकला.