नव्वद हजारांचं खोकं आणि खुडूक कोंबडी

मी बायकोपासून आजवर एकच गोष्ट लपवली. ती चार फूट उंच होती आणि दोन नग होती.

आता चार फुटांचे दोन स्पीकर लपवणार कुठे? ते आमच्या कारध्याच्या घरात पुढच्या खोलीत छाती काढून उभे होते. लपवली ती किंमत.

वनिता, म्हणजे माझी बायको, पुलापलीकडे भंडाऱ्याच्या शाळेत शिकवते. रोज ऑटोत चौघांच्या जागेत सहावी होऊन जाते. तिच्या स्कूटीसाठी दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन आम्ही नव्वद हजार जमवले आणि गाडी पाहून यायला तिनं मला नागपूरला धाडलं. (या सगळ्या प्रकरणात तिची चूक काय ती एवढीच.) स्कूटीच्या दुकानाला लागून एक काचेचं दुकान होतं. बाहेर ऊन मरणाचं, आत एसी. मी फक्त घाम वाळवायला शिरलो.

आतल्या टायवाल्या पोरानं मला सोफ्यावर बसवलं, अंगठ्याएवढ्या कपात कॉफी दिली आणि गाणं लावलं. काय सांगू तुम्हाला! तबल्यावर नुसतं बोट टेकलेलं ऐकू येत होतं. गाणारीनं श्वास घेतला की माझ्या मानेवर काटा येत होता.

"केवढ्याचं आहे?" मी उगाच विचारलं.

"सोमवारपासून एक लाख ऐंशी हजार, सर. पण माल मार्केटमध्ये नवीन आहे, म्हणून ओळख व्हावी यासाठी सवलत. रविवारपर्यंत फक्त नव्वद."

मी पतसंस्थेत कारकून आहे, आकडेमोडीवरच माझं पोट चालतं. मी लगेच हिशेब केला. आज घेतलं तर नव्वद हजार वाचतात. वाचलेल्या नव्वद हजारांत वनिताची स्कूटी येते. म्हणजे स्पीकर फुकटच पडले! सोफ्यावर बसून हा हिशेब मी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा बरोबर आला.

"घाबरू नका सर," तो पोरगा म्हणाला, "घरी पोचल्यापासून सात दिवसांत पसंत नाही पडलं तर पूर्ण पैसे वापस. फक्त खोकं, थर्माकोल, बिल सगळं जसंच्या तसं पाहिजे."

मी फोनवरून पैसे भरून टाकले. परतीच्या बसमध्ये वाटेत मौदा आलं तेव्हा मी तोच हिशेब चौथ्यांदा केला. वाचलेले नव्वद हजार नेमके कुठे आहेत, हेच सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुकानाची गाडी दारात उभी राहिली. "स्कूटीचं नवीन मॉडेल येऊन राहिलं, जरा थांबू," असं मी आदल्या दिवशीच वनिताला सांगून ठेवलं होतं.

"आन हे केवढ्याले आणले?" तिनं विचारलं.

तोंडातून नव्वदच निघणार होतं. एक शून्य घशातच अडकलं. "नऊ हजाराले. रविवारलोक सवलत आहे ना."

"नऊ हजार? अवो, एवढे पैसे पाण्यात टाकले?" ती चार तास बोलली नाही. मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो. बिल घडी घालून रिकाम्या खोक्यात, थर्माकोलच्या फटीत सारलं. थर्माकोलमध्ये कोण कशाला हात घालतं?

माझ्या मायनं एक गाणं ऐकलं आणि विचारलं, "या बाईले दमा आहे का गा?"

"माय, तो श्वास आहे. तोच तर ऐकाचा असते."

"श्वास ऐकाले पैसे दिले तू?" असं म्हणून ती तिच्या कोंबड्यांकडे निघून गेली.

वनिताला मात्र दोन दिवसांत तो आवाज आवडला. इथून माझं खरं वाटोळं सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ती शाळेतून हसतच आली.

"प्रकाशले सांगतलं मी. रविवारलोक सवलत आहे म्हणलं, मंग कायले सोडाची? त्यानं तुमाले पैसे पाठवले, पाहा."

प्रकाश म्हणजे माझा साळा, राहतो साकोलीला. फोन पाहिला तर नऊ हजार आलेले. पाठोपाठ त्याचा आवाज, "भाऊजी, मले काळ्या रंगाची जोडी आणजा."

"आन आमच्या शाळेतल्या दोन मॅडम उद्या देऊन राहिल्या," वनिता म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. नवऱ्याला एखादी वस्तू स्वस्तात मिळाली, हे आमच्या संसारात पहिल्यांदाच घडलं होतं.

आता एकच वाट होती. स्पीकर परत करायचे, "खराब निघाले, सवलतही संपली" असं सांगायचं आणि मिळालेल्या पैशांत गुपचूप स्कूटी आणायची. चार दिवस हाती होते. मी खोकी आणायला मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, गेलो.

एक खोकं धड होतं. दुसरं आडवं पडलं होतं, आणि त्यातल्या थर्माकोलच्या खोलगट जागेत, नेमकी जिथं स्पीकरची पाठ बसते तिथं, मायची खुडूक कोंबडी पंख पसरून बसली होती.

"माय! हे काय?"

"परवा बसवली. अकरा अंडे आहेत," माय म्हणाली. "टोपल्यापरीस मस्त जागा आहे गा. थंड ना गरम."

"तिले उठव. मले खोकं पाहिजे."

"अंड्यावरची कोंबडी उठवत असतेत का? अंडे गार होतेत. एकवीस दिवस लागतेत, मंग घेऊन जाजो."

दुकानवाला सात दिवस म्हणतो, कोंबडी एकवीस. दोघांपैकी कोणीही सवलत वाढवून द्यायला तयार नव्हतं. कोंबडी उठवल्याशिवाय खोकं नाही, खोक्याशिवाय पैसे नाहीत, पैशांशिवाय स्कूटी नाही. आणि स्कूटी नसेल तर वनिताला तोंड कुठल्या तोंडानं दाखवायचं? सहा दिवस झाले तरी माय हलेना, कोंबडी तर त्याहून हलेना.

सातव्या दिवशी सकाळी माय शेजारी गेलेली पाहून मी दबकत सपरीत शिरलो. कोंबडीला गोंजारलं. तिनं मनगटावर चोच मारली. मी दुसरा हात घातला, तिनं तोही फोडला. मग तिनं जो काही आवाज लावला! नव्वद हजारांच्या स्पीकरमधून इतका स्वच्छ आवाज कधी निघाला नव्हता. वनिता पोळीचं लाटणं घेऊनच धावत आली.

"काय करून राहिले तुमी?"

माझा हात कोपरापर्यंत कोंबडीखाली होता. या आसनात काही सांगण्यासारखं नसतं. कोंबडी फडफडत उठली, आणि तिच्या पोटाखालून अंड्यांसोबत एक घडी केलेला कागद बाहेर आला.

वनितानं तो उचलला आणि वाचला. परत वाचला.

"एक शून्य जास्त आहे याच्यात," ती हळूच म्हणाली.

"नाई," मी म्हणालो, "मी सांगतलं त्यात एक कमी होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली. डोळे भरून आले होते. "माई स्कूटी आहे ना हे?"

पंचवीस वर्षांच्या संसारात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वाचलेल्या नव्वद हजारांचा हिशेब सोडून मी तिला सगळं खरं सांगितलं. (मग तोही सांगितला. तेव्हा ती रडता रडता हसली.)

एवढ्यात माय परतली. "काय झालं वो?"

"आई, या खोक्यात नव्वद हजार अडकले आहेत," वनिता म्हणाली.

मायनं टोपल्यात धानाची तणस अंथरली, पदरात धरून अकराही अंडी त्यात मांडली, कोंबडी उचलून वर बसवली आणि अंधारासाठी वरून दुसरं टोपलं झाकलं. दोन मिनिटांचं काम! कोंबडीनं हूं की चूं केलं नाही.

"हे होत होतं?" मी कळवळून विचारलं.

"होते ना. पण तू कारण सांगतलं कोठी?"

थर्माकोल आम्ही दात घासायच्या ब्रशनं धुतलं, उन्हात वाळवलं, आणि गाडी सांगून दुपारी नागपूर गाठलं. टायवाल्यानं खोकं उघडलं, हुंगलं आणि आतून एक तांबडं पीस काढलं.

"मॅडम, हे काय?"

"पीस आहे," वनिता म्हणाली. "तुमच्या अटीत खोकं पाहिजे लिहिलं, थर्माकोल पाहिजे लिहिलं. कोंबडी नाही पाहिजे, असं कोठी लिहिलं, दाखवा."

त्यानं अटी खरंच पाहिल्या. मग आत जाऊन मालकाला विचारून आला. मालक आतूनच हसल्याचं ऐकू आलं, आणि फोनवर नव्वद हजार परत आल्याचा टिंग वाजला. श्वास ऐकू येण्याचं मला फार कौतुक होतं ना? तेव्हा मी सोडलेला श्वास रस्त्यावर ऐकू गेला असेल.

बाहेर येऊन वनितानं आधी प्रकाशला फोन लावला. मी डोळे मिटले.

"प्रकाश, सवलत संपली रे. तुझे पैसे वापस येतेत," एवढंच ती बोलली. माझं नाव काढलं नाही. शाळेतल्या मॅडमनाही तिनं तेच सांगितलं. हे तिचं देणं मी कधी फेडीन असं वाटत नाही.

स्कूटी त्याच संध्याकाळी शेजारच्या दुकानात ठरली. अकरापैकी नऊ पिलं निघाली. घरी सगळं पूर्ववत झालं, फक्त माझ्या तोंडच्या आकड्यावर वनिता एक शून्य आपल्या मनानं चढवते. चाळीस रुपयांची वांगी आणली, तर ती चारशेची धरते.

परवा दवाखान्यात वजन केलं, अठ्ठ्याऐंशी भरलं. घरी येऊन म्हणालो, "सत्तर."

वनितानं स्कूटी सुरू केली आणि मागं वळून म्हणाली, "म्हंजे सातशे. हळू बसजा, टायर नवा आहे."