मामांच्या यकृतातलं गळू

माझे सासरे बीड जिल्ह्यातल्या चकलांब्याचे. मी त्यांना मामा म्हणतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी मी दारात दिसलो की ते खाटेवरून उठून उभे राहायचे. त्यांच्या घरी मी पाण्याचा तांब्या उचललेलाही त्यांना खपायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना थंडी वाजून ताप यायला लागला. उजवा खांदाही दुखायचा. कापसाचं गाठोडं उचलताना भरला असेल, असं म्हणत त्यांनी तापाच्या गोळ्यांवर आठवडा काढला. जेवण तुटलं तेव्हा सासूबाईंनी आम्हाला बीडला फोन केला. मेहुणा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेला, म्हणून मीच त्यांना दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली दाबलं तसे मामा कळवळले. सोनोग्राफीत यकृतात मोसंबीएवढं गळू दिसलं. खांद्याचं दुखणंही त्याचंच. रक्तात साखर वाढलेली निघाली. ती कधीची होती, कोण जाणे. एवढा पू नुसत्या औषधानं जिरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोनोग्राफीवर बघत त्यांनी सुईनं पू काढला, थोडा तपासणीला पाठवला आणि बारीक नळी आतच ठेवली. बाहेरच्या टोकाला पिशवी. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं.

पिशवीत किती पू आला, ते रोज सकाळी मोजून लिहायचं होतं. सासूबाईंना आकडे वाचता येत नव्हते, बायको घरी तान्ह्या बाळाजवळ. मी पिशवीला हात लावला तसं मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जावईबापू, तुमी हे करू नका. मला लई वंगाळ वाटतंय."

"आकडा लिहिला नाही तर सिस्टर मला बोलतील, मामा."

मला बोलणी बसू नयेत म्हणून त्यांनी मला मोजू दिलं, पण तोंड भिंतीकडेच ठेवलं.

चौथ्या दिवशी पुवाचा रिपोर्ट आला. चालू औषध त्या जंतूंवर चालत नव्हतं, ते बदललं. मग ताप उतरला, पूही कमी होत गेला. एका सकाळी मी मोजत असताना त्यांनीच मान उचलून विचारलं, "किती आलं रे आज?"

नऊ वर्षांत पहिल्यांदा ते मला 'रे' म्हणाले होते. बायकोला फोनवर मी आधी तेच सांगितलं, पुवाचं नंतर.

नळी निघाली. काही आठवडे गोळ्या चालल्या. पुढच्या सोनोग्राफीत गळूची जागा भरून आलेली दिसली. साखरेची गोळी मात्र कायमची लागली. आता गावात कुणाला ताप आला की मामा त्याच्या बरगडीखाली बोट ठेवून विचारतात, इथं दुखतंय का? कुणी हो म्हणालं, की त्याला बीडची गाडी धरायला लावतात.