दादाचं दहावं बोट

दादा नांदेडच्या पुढं कधी गेला नव्हता. तरी परदेशातल्या एका सरकारनं त्याला ताब्यात मागितलं. तिथं त्यानं एका माणसाला चाकूनं मारलं, अटक झाली आणि जामिनावर सुटताच पळाला, असं कागदात होतं. नाव दादाचं, गाव आमचं वसमत तालुक्यातलं, आईचं नावसुद्धा बरोबर. फोटोतल्या माणसाला दाढी होती, आणि दाढीत आमच्याकडचा कुणीही दादासारखाच दिसतो.

मला तो एजंट आठवला. आखातात नोकरी लावतो म्हणून दादाचे सगळे कागद घेऊन गेला, तो परत उगवलाच नाही. "तूच दिले ना मोठ्या हौसेनं?" मी दादावर खेकसले, तेही पोलीस दारात उभे असताना. त्याची अजून लाज वाटते.

त्याला दिल्लीला नेलं. मी आणि आई मागोमाग गेलो. वकील नशिबानं मराठवाड्यातलेच मिळाले. म्हणाले, "कुणी मागितला म्हणून माणूस देऊन टाकत न्हाईत, आई. आधी इथल्या कोर्टात चौकशी होते. तो हाच, हे दाखवावं लागतं. त्यांचे कागद बघायचा आपल्याला हक्क हाय."

त्यांनी भांडून नकला मिळवल्या आणि भर दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्यापुढं ठेवल्या. एका कागदावर दहा चौकोन होते, दर चौकोनात शाईचा ठसा. तिथल्या अटकेच्या वेळी घेतलेले.

आईला अक्षरओळख नाही. तिनं चौकोन मोजले. शेवटच्यावर थांबली.

"डावी करंगळी ना ही? मग ही काहून हाय इथं?"

मी शाळेत होते तेव्हा हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या चाकात दादाची ती करंगळी मुळापासून गेली. आईनंच ती फडक्यात गुंडाळून कडुलिंबाखाली पुरली होती. आणि इथं तिचा ठसा होता, रेघ न् रेघ स्पष्ट. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. वकिलांना मात्र हायसं वाटलं.

कोर्टानं दादाचा हात पाहिला, दवाखान्याचा जुना कागद पाहिला, आणि त्याला सोडलं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी दादानं कडुलिंबाखाली खणायला घेतलं. हातभर खोल गेला. काहीच सापडलं नाही.

"इतक्या वर्षांनी काय राहणार हाय तिथं?" मी चिडले. चिडले म्हणजे घाबरले होते. खड्डा आईनंच बुजवला.

तो दुसरा अजून सापडलेला नाही. कुठंतरी दादाचंच नाव सांगत असेल, आईचंही.

परवा वसमतच्या बाजारात मागून कुणीतरी दादाच्या नावानं हाक मारली. दादा वळला नाही. डावा हात खिशात घालून नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"तू बघ गं," म्हणाला, "मला बोलावून राहिले का त्याला."